शिदोरीत काय बांधावे?

परदेशी राहणाऱ्या माणसांच्या बोलण्यात एक शब्द फार वेळा येतो. तो शब्द 'आमच्याकडे' हा होय. आमच्याकडे या दिवसांत पाऊस असतो. आमच्याकडे वांगी अशी बेचव नसतात. आमच्याकडे पाहुणा उंबऱ्यात आला की आधी तांब्याभर पाणी पुढे करतात. हे 'आमच्याकडे' नेमके कोठे, असे कोणी विचारलेच तर नकाशावर बोट ठेवता येते. परंतु ज्याविषयी आपण एवढ्या ओढीने बोलत असतो ते त्या बोटाखाली सापडेलच असे नाही. ते आपले बालपण असते, आणि बालपणाच्या गावी जाणारी मोटार अद्याप कोणत्याही थांब्यावरून सुटलेली नाही.

आम्ही निपाणीच्या पंचक्रोशीतले. पोटापाण्यासाठी बहरीन बेटावर येऊन आम्हांस पुष्कळ वर्षे झाली. या पानाच्या वाचकांपैकी अनेकांचे मुलगे, लेकीजावई आज आखाती देशांत आहेत, आणि त्यांची मुले तेथेच वाढत आहेत. म्हणून आजचा विषय थोडा घरगुती असला तरी तो एकट्या आमच्या घरचा नाही. परमुलखात वाढणाऱ्या मुलांस आपण आपल्या बालपणाविषयी काय सांगावे, किती सांगावे, आणि काय सांगावयाचे टाळतो, याचा विचार आज करावयाचा आहे.

आमच्यासारख्यांची पहिली अडचण अशी की, 'तुम्ही कोठले?' या साध्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच राज्याचे नाव 1973 साली कर्नाटक झाले. गावे जागच्या जागीच राहिली, कागद तेवढे बदलले. निपाणीची मुले ज्या देवचंद महाविद्यालयात शिकावयास जातात ते अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात आहे. म्हणजे विद्यार्थी सकाळी एका राज्यात न्याहारी करतो, दुसऱ्या राज्यात व्याकरण शिकतो आणि दुपारी जेवावयास पुन्हा पहिल्या राज्यात येतो. घरात मराठी, बाजारात कानडी, गोव्याकडच्या सोयऱ्यांशी कोंकणी, हा आमच्या तोंडचा रोजचा फराळ. येथे परदेशात कानडी बांधव म्हणतात, पासपोर्टावर कर्नाटक आहे, तेव्हा तुम्ही आमचे. मराठी मंडळी म्हणतात, बोलता मराठी, तेव्हा तुम्ही आमचे. देवळाच्या आवारात गोव्याची मंडळी आमचे आडनाव ऐकून सरळ कोंकणीतच सुरू करतात. तिघांचेही म्हणणे आम्ही आनंदाने मान्य करतो. पण आमची मुले मात्र विचारतात, मग आपण खरे कोणाचे?

या प्रश्नावर आम्हांस थोडा प्रकाश मिळाला तो एका अनपेक्षित ठिकाणाहून. आमच्या इमारतीत दक्षिण आफ्रिकेच्या केपटाउन शहरातून आलेल्या एक परिचारिका बाई राहतात. दक्षिण आफ्रिका म्हटली की आपणांस गांधीजी आठवतात. 1893 ते 1914 पर्यंतच्या काळातील बहुतेक वर्षे त्यांनी त्या देशात काढली, आणि पुढे 1924 साली ज्या एकाच काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले ते आपल्या बेळगावात भरले. याहून अधिक नाते त्या देशाशी आपले असेल असे आम्हांस वाटले नव्हते. परंतु नाती स्वयंपाकघरातून निघतात.

एकदा आम्ही कुटुंबासह सौदी अरेबियात जावयास निघालो होतो. समुद्रावरील लांब पूल ओलांडून मोटारीनेच जावयाचे होते. गृहिणीने पहाटे उठून दशम्या, शेंगांची चटणी आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून घेतली. वाटेवर एवढी खाणावळी असताना हे ओझे कशाला, म्हणून मुलांनी नाके मुरडली. बाईंनी ते गाठोडे पाहिले मात्र, त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या आफ्रिकान्स भाषेत याला 'पाटकॉस' म्हणतात. 'पाट' म्हणजे वाट आणि 'कॉस' म्हणजे अन्न. वाटेवरचे अन्न! उकडलेली अंडी, भाजलेली कोंबडी, जाड पावाचे तुकडे असे बांधून घेतल्यावाचून त्यांच्या लहानपणी कोणी दूरच्या प्रवासास निघत नसे. आपल्या 'शिदोरी'ला सहा हजार किलोमीटरांहून दूर सख्खी बहीण आहे, हे कळून आमच्या गृहिणीस जो आनंद झाला तो काय वर्णावा!

त्यानंतर बोलणी वाढली. आम्ही ज्वारीची भाकरी दिली तेव्हा त्यांनी पिठाचा वास घेतला आणि ते लागलीच ओळखले. ज्वारीला त्यांच्या देशातील कित्येक आफ्रिकी भाषांत 'माबेले' म्हणतात. तेथील त्स्वाना लोक ज्वारीचे पीठ भिजवून, आंबवून 'टिंग' नावाची पेज करतात. आपली आंबील आणि ती पेज यांत वाटीचाच काय तो फरक. ज्वारी हे धान्य मुळी आफ्रिका खंडातूनच प्राचीन काळी आपल्या देशात आले, असे शास्त्रज्ञ सांगतात. ज्या भाकरीवर आम्ही आमच्या 'आमच्याकडे'चा एवढा अभिमान मिरवतो, तीही कधीतरी परदेशी होती तर!

परंतु आज हे सर्व लिहावयास बसलो ते खाण्याच्या गोष्टींसाठी नव्हे. बाईंनी आपल्या आईची जी हकीकत सांगितली तिच्यासाठी.

त्यांची आई केपटाउनमधील 'डिस्ट्रिक्ट सिक्स', म्हणजे सहावा विभाग, या वस्तीत वाढली. डोंगराच्या पायथ्याशी, बंदराजवळ वसलेली ती दाट वस्ती. निरनिराळ्या वंशांचे, निरनिराळ्या धर्मांचे लोक तेथे दाराला दार लावून राहत. देवळे आणि मशिदी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होत्या. रविवारी सकाळी मसाल्याचा वास असलेले, पाकात बुडवून वर खोबऱ्याचा कीस लावलेले 'कुसिस्टर' नावाचे तळलेले गोळे ताटल्यांतून शेजारी फिरत. पुढे गोऱ्यांच्या सरकारने वर्णभेदाचे कायदे केले. कोणत्या वर्णाच्या माणसाने कोठे राहावे हे ठरविणारा कायदा 1950 साली झाला, आणि त्या कायद्यान्वये 11 फेब्रुवारी 1966 रोजी हा सहावा विभाग केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवल्याचे जाहीर झाले. पुढील दीड दशकात साठ हजारांहून अधिक माणसे तेथून उठविण्यात आली व शहराबाहेरील वाळूच्या सपाट माळावर नेऊन टाकण्यात आली. घरे यंत्रांनी भुईसपाट केली. प्रार्थनास्थळे तेवढी उभी राहिली, आणि भोवती रिकामी जमीन.

बाईंचा जन्म त्या माळावरचा. आईचे घर त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिले नाही. तरी त्या घराला किती पायऱ्या होत्या, कोणत्या पायरीचा कोपरा तुटलेला होता, समोरच्या दुकानदाराकडे उधारीची वही कोणत्या रंगाची होती, हे सर्व त्यांना ठाऊक आहे. कारण आईने ते सांगितले. आणि आईने नुसता कुसिस्टरांचा वास सांगितला नाही. घर सोडावयाचा हुकूम हाती आला त्या दिवसाची हकीकतही तितक्याच शांतपणे सांगितली. मूल लहान आहे, याला हे कशास, असे तिने म्हटले नाही.

1994 साली त्या देशात सर्व वर्णांच्या लोकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. त्याच वर्षी सहाव्या विभागातील एका जुन्या मेथॉडिस्ट देवळात या वस्तीचे संग्रहालय उघडण्यात आले. त्याच्या जमिनीवर जुन्या वस्तीचा मोठा नकाशा रंगविलेला आहे. तेथे पूर्वी राहणारी माणसे येतात, वाकून आपली गल्ली शोधतात आणि आपले घर होते त्या जागी आपले नाव लिहितात. बाई सांगतात की, त्यांची आई तेथे गेली तेव्हा नातवंडे बरोबर होती, आणि नातवंडांनीच तिच्याआधी गल्ली शोधून काढली.

हे ऐकल्यावर आम्ही आमच्या मुलांस आजवर काय सांगितले याची मनात उजळणी केली. वाचकहो, आपणही करून पाहा. आपल्या आठवणींत बहुधा आंबे असतात, विहिरीतील पोहणे असते, जत्रेतील पाळणा, नाताळातील करंज्या, बेळगावहून कोणी आणलेला कुंदा. निपाणीकडील माणूस असेल तर त्यात तंबाखूचा वासही असतो. मृगानंतर रोपे वाफ्यांत टाकावयाची, पावसाळा ओसरू लागला की शेतात लावावयाची, मग शेंडे खुडावयाचे, बगलेतील फुटवे काढावयाचे, आणि थंडी संपता संपता काढलेला पाला उन्हात वाळत घालावयाचा. त्या दिवसांत साऱ्या शिवारावर एक उग्र, गोडसर वास पसरतो. परदेशात कोठे विडीचा धूर आला तरी आमचे मन क्षणात त्या शिवारात जाऊन पोहोचते. मुलांस आम्ही हा वास सांगत असू.

परंतु तो वास आमच्या मातोश्रींच्या हातांसही येत असे, आणि तेथे तो गोड नव्हता. त्या तंबाखूच्या एका वखारीत कामास जात. निपाणीच्या वखारींत शेकडो बायका तंबाखू चाळावयास बसत. धुळीने डोळे झोंबत, शिंका थांबत नसत, नाकातोंडास पदर बांधला तरी घरी आल्यावर रात्री खोकला येई. हात कितीदा धुतले तरी भाकरीस कडवट चव उतरे, म्हणून त्या आधी मुलांच्या भाकरी आमच्या थोरल्या बहिणीकडून थापून घेत आणि स्वतःची मागाहून करीत. पानांतील निकोटीन कातडीतूनही अंगात भिनते आणि त्याने मळमळ व चक्कर येते, हे आज डॉक्टर सांगतात. त्या काळी त्यास 'पित्त' म्हणत.

शेतकऱ्याचे तरी कोठे बरे होते? वर्षभर राबून काढलेल्या मालास व्यापारी म्हणेल तो भाव. 1981 सालच्या मार्च महिन्यात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ हजारो स्त्रीपुरुष त्या रस्त्यावर ठाण मांडून होते. आम्ही तेव्हा दहा वर्षांचे होतो. एरवी ज्या रस्त्यावर पाऊल टाकावयास बंदी, तो मोटारींवाचून मोकळा पडलेला पाहून आम्हां पोरांस जत्राच वाटली. 6 एप्रिल रोजी पोलिसांनी आंदोलकांस हटविले, गोळीबार झाला, आणि काही शेतकरी प्राणास मुकले. त्या रात्री आमच्या गल्लीत चूल पेटली नाही. वखारींतील बायकांनीही त्याच काळात संघटना करून आपल्या मजुरीचा आणि मानाचा प्रश्न उभा केला; त्यांच्या लढ्यावर 'युगांतर' नावाच्या स्त्रियांच्या गटाने 1982 साली एक माहितीपट केला.

आता विचार करा. मुलांनी विचारले की, तुमचे गाव एवढे चांगले होते तर तुम्ही ते सोडले का, तर केवळ आंबे आणि करंज्या सांगणाऱ्या बापाजवळ यास काय उत्तर आहे? नुसते गोड सांगितले की त्यांस आपले गाव सोडणे हा निव्वळ पैशाचा लोभ वाटतो. उलट नुसते कडू सांगितले तर ती म्हणतात, बरे झाले सुटलात, आणि गावाकडे पाठ फिरवितात. ज्या बाईने मुलीस पायऱ्याही सांगितल्या आणि हुकूमही सांगितला, तिची मुलगी न पाहिलेल्या घराशी बांधलेली राहिली. सत्यात दोन्ही असते, आणि मुलांस सत्य पेलते. आपण समजतो त्याहून ती बळकट असतात.

ज्यांनी बालपणाविषयी उत्तम लिहिले त्यांनीही हेच केले आहे. दक्षिण आफ्रिकेचेच जे. एम. कुट्सी हे नोबेल पारितोषिकाचे मानकरी लेखक 2002 सालापासून ऑस्ट्रेलियात जाऊन राहिले. त्यापूर्वी 1997 साली त्यांनी 'बॉयहुड' हे आपल्या बालपणाचे पुस्तक लिहिले. त्यातील मुलाच्या घरी इंग्रजी बोलतात आणि वडिलांकडचे नातेवाईक आफ्रिकान्स बोलतात. शेतावर सारे जमले की दोन्ही भाषांची मिसळ होते. आपल्या सीमाभागातील कोणत्याही मुलास हे घर ओळखीचे वाटेल. त्यात एक गंमतीचा प्रसंग आहे. नव्या शाळेत बाई विचारतात, तुझा धर्म कोणता? घरी धर्माची फारशी चर्चा नाही. मुलास प्राचीन रोमच्या शूरांच्या कथा आवडतात, म्हणून तो 'रोमन कॅथलिक' असे ठोकून देतो! परिणाम असा की, सर्व शाळा प्रार्थनेस जमली की याला ज्यू आणि कॅथलिक मुलांबरोबर बाहेर थांबावे लागते आणि दांडगट पोरांचा मार चुकवावा लागतो. पण त्याच पुस्तकात हा मुलगा आजोबांच्या शेतावर जीव टाकतो आणि त्याच वेळी हेही पाहतो की, त्या मातीवर राबणाऱ्या काळ्यासावळ्या मजुरांचे तिच्याशी नाते आपल्या घराण्याहून जुने आहे. प्रेमही लपविले नाही आणि अन्यायही लपविला नाही.

आणि दूर कशास जावे? प्रकाश नारायण संत यांचा लंपन आपल्या बेळगावकडचाच. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' या पुस्तकांतून आजीआजोबांकडे राहणारा हा मुलगा मराठी वाचकांच्या घरोघर जाऊन बसला. संत हे भूशास्त्राचे प्राध्यापक. कऱ्हाडास राहून त्यांनी हे बालपण लिहिले. आईवडिलांपासून दूर असण्याचे दुःख त्या कथांत आहे, तसा खेळही आहे. आणि भाषा? कानडीची फोडणी दिलेली आपली सीमेवरची मराठी! जी मराठी बोलताना पुण्यामुंबईच्या पाहुण्यांसमोर आपण ओशाळत असू, तीच त्यांनी छापील पानावर मानाने बसविली. आपल्या मुलांस 'शुद्ध' येत नाही म्हणून मराठी बोलूच न देणाऱ्या आईबापांनी या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

आखातातील मुलांविषयी आणखी एक गोष्ट गावाकडील आजीआजोबांनी ध्यानात घ्यावी. येथील भारतीय शाळांस मोठी सुट्टी मे महिन्यात नसते. ती जुलै-ऑगस्टात असते. त्यामुळे आपली नातवंडे गावी येतात ती नेमकी पावसात. आंबा संपलेला, जत्रा होऊन गेलेली, अंगणात चिखल, दिवसातून चार वेळा वीज गेलेली. बापाच्या तोंडून ऐकलेला गाव आणि डोळ्यांपुढचा गाव यांचा मेळ बसत नाही आणि पोरे हिरमुसतात. बहरीनमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी शाळा, म्हणून मिस्सेस जावयाचा मोठा दिवस शुक्रवार. आमच्या धाकट्याने गावी पहिल्याच शुक्रवारी सकाळी अंघोळ करून, नवे कपडे घालून आजीस विचारले, देवळात जावयाचे ना? आजी थक्क झाली. हा नातू साधू होणार अशी तिची खात्री पटली. रविवारी मात्र तो शाळेचा दिवस समजून उठेचना!

अशा मुलांस पावसातला गाव दाखवा. आंब्याच्या गोष्टी सांगत बसण्यापेक्षा छत्री देऊन बांधावर न्या. भुईमुगाचे, सोयाबीनचे, उसाचे रान दाखवा. तंबाखूचे तरू दाखवा आणि लावणीस वाकलेल्या बायकांची नावे सांगा. त्या दिवसास काय मजुरी घेतात तेही सांगा. वखारीवरून जाताना, तुझी पणजी येथे बसत असे, असे म्हणा, आणि ती रात्री का खोकत असे तेही सांगा. शेजारचे कानडी घर दाखवा. अज्जीच्या हातची जोळदरोट्टी आणि आपली भाकरी एकच, हे मुलास खाऊनच कळेल. मग आपण कोणाचे, हा प्रश्न त्यास इतका छळणार नाही. ज्यांनी त्यास वाढले, त्या सर्वांचा तो आहे.

परदेशातील आईबापांस आमचे सांगणे याहून थोडे. रात्री जेवताना अर्धा तास दूरदर्शन आणि मोबाइल बंद ठेवावे आणि आपल्या लहानपणची एकच गोष्ट सांगावी; जशी घडली तशी, जशी बोलतो त्या भाषेत. गोड असेल तर गोड, कडू असेल तर कडू. मुलांनी मध्येच प्रश्न विचारले तर रागावू नये. प्रश्न विचारणारे मूल ऐकत असते. आणि गावाकडे वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर त्यांना फोनवर केवळ 'जेवलात का' एवढेच न विचारता, तुमच्या लहानपणी घरी काय खात होतात, कोणाचे कर्ज होते, कोण घर सोडून गेले आणि का, हेही विचारावे. ही उत्तरे कोणत्याही ग्रंथालयात मिळत नाहीत, आणि ती देणारी माणसे दरवर्षी कमी होतात. जी मिळतील ती एका वहीत तारखेसह उतरवून ठेवावी. येत्या जुलैत मुले गावी निघतील तेव्हा दशम्यांबरोबर ती वहीही पिशवीत घालावी.